सुईचं मिटणं

डिझेल इंजिनाचं चांगलं नोझल आधी कानाने ओळखायचं असतं. उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कडेला डिझेल पंपाची कामं करणाऱ्या जुन्या गाळ्यांत अजून हँड टेस्टर दिसतो. एक दांडा, एक काटा, वर छोटी टाकी आणि लोखंडी नळीच्या टोकाला उलटं लटकवलेलं नोझल. दांडा सावकाश दाबला की काटा चढू लागतो. दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे बार. मग नोझल बोलतं. कोरडा, घट्ट, जलद करकराट. दांड्याच्या एकाच दाबात नोझलमधली सुई कितीतरी वेळा उघडते आणि मिटते, त्याचा तो आवाज. आपल्या घरात मोकळी फिरणारी आणि बसताना पुरती बसणारी सुईच असं करकरते. झिजलेली सुई नुसती फुसफुसते, आणि काजळीने जाम झालेली तर बोलतच नाही, एक धार सोडून मोकळी होते. मिस्त्री काट्याकडे कमी बघतो आणि कान जास्त लावतो, ते यासाठी.

दुसरी पायरी डोळ्यांची. फवारा सगळीकडून सारखा निघतोय का? कुठे एखादी जाड, न फुटलेली धार दिसतेय का? ‘छोटा हत्ती’ टेम्पोसारख्या जुन्या प्रीचेंबरच्या गाडीचं पिंटल नोझल एकच बारीक शंकू सोडतं. थेट सिलिंडरात मारणाऱ्या इंजिनाचं नोझल पाच-सहा भोकांतून पाच-सहा शेपट्या फेकतं. हे बघताना हात लांब ठेवायचा, कारण या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि मग गाठ थेट सर्जनशी असते.

तिसरी पायरी बहुतेक गिऱ्हाइकं बघतच नाहीत. उघडण्याच्या दाबापेक्षा वीसेक बार खाली काटा धरून ठेवायचा, दहा सेकंद, आणि नोझलच्या टोकाकडे बघत बसायचं. टोक कोरडं राहिलं पाहिजे. थेंब धरला की नोझल गेलं, मग त्याचा फवारा कितीही देखणा असो. नोझलाची सगळी कला मला या दहा सेकंदांत दिसते. उघडायला काय, दाब आला की कुणीही उघडेल. मिटायचं कधी आणि किती पक्कं, हे ज्याला जमलं तेच नोझल उत्तम. ‘अपग्रेड’ म्हणून जे काही बाजारात मिळतं, ते मी याच एका कसोटीला लावतो.

जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजून ‘मायकोचं नोझल’ असतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ साली बंगळुरात सुरू झाली. तिच्या नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यातून नोझलं आणि इंजेक्टर निघू लागले आणि त्या शहरात एका चौकाचंच नाव मायको सर्कल पडलं. २००८ मध्ये कंपनीने बॉश लिमिटेड हे नाव घेतलं, तरी गाळ्यांत ते नाव डब्यावर वाचलं जातं आणि तोंडाने मायकोच म्हटलं जातं. नोझलाची सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. ही जोडी एकत्र घासून जुळवलेली असते. एकीची सुई दुसरीच्या घरात घालायची नसते. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीच्या गावात मायक्रॉन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अंबरनाथचा निवृत्त टर्नर ही जोडी हातात घेतो तेव्हा सुई अर्धी बाहेर काढून, घर तिरपं धरून, ती स्वतःच्या वजनाने कशी सावकाश खाली सरकते ते बघतो. झपकन पडली तर झिजलेली, अडली तर मळलेली.

मग कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबभरल्या नळीतून डिझेल, आणि कानाचं काम कमी झालं. १९९५ मध्ये जपानात डेन्सोने ती हिनोच्या ट्रकवर बसवली, १९९७ मध्ये बॉशची अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली, १३५० बार दाबाची. आता १६०० बार नेहमीचे झाले आहेत आणि नव्या गाड्या २००० च्याही पुढे जातात. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी पिकअपमध्येही ती आली: देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. आता सुई नुसत्या दाबाने उघडत नाही. रेलचा दाब तिच्या खालीही असतो आणि डोक्यावरच्या छोट्या कप्प्यातही असतो, त्यामुळे ती बसून राहते. कॉइलला वीज मिळाली की वरची एक गोळी उचलली जाते, दीड मिलिमीटरहूनही लहान. डोक्यावरचा दाब रिटर्नच्या नळीतून निसटतो आणि सुई पाव मिलिमीटरभर उठते. वीज गेली की गोळी बसते, वरचा दाब परत भरतो, सुई मिटते. म्हणजे मिटण्याची सारी जबाबदारी त्या गोळीवर आणि तिच्या बैठकीवर. तिथे केसाएवढी खाच पडली की डिझेल सतत रिटर्नला पळतं, रेलमध्ये दाब धरत नाही, आणि सकाळी गाडी नुसता स्टार्टर खात राहते. लोक बॅटरी बदलतात.

हा सगळा खटाटोप केवढ्या मालासाठी आहे ते एकदा मोजून बघण्यासारखं आहे. आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसणारी पिकअप म्हणजे बोलेरो. तिचं २५२३ सीसीचं इंजिन ८८.९ मिलिमीटर बोअर आणि १०१.६ मिलिमीटर स्ट्रोकचं, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. हे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरी इंजिनाचं जुनं माप आहे, आणि स्वभावही तोच, खालच्या आरपीएमला ओढणारा. लिटरला चौदा किलोमीटर धरले आणि ताशी पन्नासला इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांनी फिरतं असं धरलं, तर एका किलोमीटरला प्रत्येक इंजेक्टर बाराशे वेळा मारतो. लाख किलोमीटरला बारा कोटी वेळा. आणि दर वेळी किती? पंधरा घन मिलिमीटरच्या आसपास. ड्रॉपरने सोडलेला पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे रिकाम्या रस्त्यावर एका फटक्यात थेंबाचा तिसरा हिस्सा. घाटात, भरल्या गाडीला, पाय तळाला टेकलेला असताना चाळीस ते पन्नास, म्हणजे जेमतेम एक पुरा थेंब. तो एक थेंब दोन मिलिसेकंदांच्या आत केसाएवढ्या भोकांतून जायचा, दहा-वीस मायक्रॉनच्या कणांत फुटायचा, हवा गाठायची, जळून जायचं. कॉमन रेल तर याच्याही आधी एक-दोन घन मिलिमीटरचा शितोडा टाकते, मुख्य जाळ धाडकन पेटू नये म्हणून. जुन्या डिझेलचा खडखडाट नव्या गाड्यांत ऐकू येत नाही तो मुख्यतः या शितोड्यामुळे. मला तर हा शितोडा पूर्ण मात्रेपेक्षाही मोठी करामत वाटते. थेंबाचा पंचविसावा भाग, चारही सिलिंडरांत सारखा, मिनिटाला हजार वेळा.

आता मोठ्या भोकांच्या नोझलांकडे येऊ. मागणी नेहमी एकाच शब्दांत येते.

“मिस्त्री, माळशेजच्या घाटात गाडी दम तोडते. मोठी नोझल टाका.”

“टाकतो दादा. आधी एअर फिल्टर काढून दाखवा.”

फिल्टर निघतो तेव्हा त्यात रस्त्याची माती, जीन्सच्या गाठींचे धागे आणि गेल्या वर्षाचा एखादा पिंपळाचा वाळका तुकडा असतो. मिस्त्री काही बोलत नाही, फिल्टर फक्त टेबलावर आपटतो.

त्या आपटण्यात पुरं गणित आहे. या इंजिनाचा एक सिलिंडर ६३१ सीसीचा. टर्बोची मदत धरली नाही तर त्यात दर वेळी सुमारे ०.६४ ग्रॅम हवा भरते. डिझेल धूर न करता जळायला वजनाने साधारण अठरापट हवा हवी. म्हणजे पस्तीस मिलिग्रॅम डिझेल, बेचाळीस घन मिलिमीटर. टर्बो जेवढी हवा जास्त कोंबेल तेवढीच यात भर. कंपनीने भरल्या गाडीला ठरवलेली मात्रा आधीच या कडेला टेकलेली असते. तिच्यावर तुम्ही वीस टक्के डिझेल वाढवलंत आणि हवा होती तेवढीच ठेवलीत, तर वाढलेलं डिझेल अर्धवट जळतं. मागे काळा धूर, आत एक्झॉस्टचं तापमान वर, पिस्टनच्या कपाळावर चटके. गाडी थोडी जास्त ओढते हे खरं. पण ती ओढ पिस्टनच्या भांडवलातून काढलेली असते.

आणि भोक वाढवणं हा प्रकार दिसतो तितका सरळ नाही. ०.१३ मिलिमीटरचं भोक ०.१४३ केलं, म्हणजे दहा टक्के वाढवलं, की क्षेत्रफळ एकवीस टक्के वाढतं. धार जाड होते, कण मोठे होतात, जळायला वेळ जास्त लागतो आणि शेपटी लांब जाते. लांब गेलेली शेपटी पिस्टनच्या वाटीत न फुटता भिंतीला लागते, सिलिंडरवरचं ऑइल धुते आणि खालच्या ऑइलमध्ये डिझेल मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं तेव्हा काही मालक खूश होतात. त्यांना मी हसत नाही, पण सांगतो, की ऑइल कुठल्याही इंजिनात वाढत नसतं.

चांगल्या आणि बऱ्या नोझलातला फरक भोकाच्या मापात नसतोच, भोकाच्या तोंडात असतो. ठिणगीने भोक पाडलं की त्याची आतली कड धारदार राहते. उत्तम कारखाना मग त्यातून खरखरीत कण मिसळलेला द्रव दाबाने सोडतो आणि ती कड गोलसर करतो. अशा भोकातून डिझेल वळसा न घेता, फेस न होता निघतं. दोन नोझलं, भोकांची संख्या तीच, व्यास तोच, तरी एकाचा वाहता माल जास्त आणि स्वच्छ. पुढे लाख किलोमीटर झिजतानाही गोल कड फारशी बदलत नाही, धारदार कड मात्र हळूहळू गोल होत जाते आणि मात्रा बदलत राहते. ‘होनिंग केलेलं’ म्हणून जो माल मिळतो त्यात खरं होनिंग झालेलं असेल, तर मला तो मोठ्या भोकापेक्षा शंभरदा पसंत. झालंय का, हे डोळ्यांनी कळत नाही. टेस्ट बेंचवर कळतं.

नोझलाच्या अंगावर कोरलेला क्रमांकही वाचायला शिकावं. ‘डीएलएलए १५० पी’ आणि पुढे काही आकडे. त्यातला १५० हा फवाऱ्याचा कोन, अंशांत. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी त्या कोनासाठी कोरलेली असते. शेजारच्या डब्यातलं १४२ चं नोझल त्याच नटात, त्याच उंचीत, अगदी घट्ट बसतं आणि डिझेल वाटीच्या बुडाशी आपटतं. ‘बसलं ना, मग चालतं’ हा आपल्या भागातला लाडका सिद्धांत इथे पिस्टन घेऊन जातो.

आता ही पिकअप रोज काय करते ते बघू, कारण निवड त्यावर आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, सोफे, प्लायचे पलंग. वजन बेताचं पण उंची अशी की वारा अडतो. कॅम्प पाचमधून जीन्सच्या गाठी. त्या दिसतात लहान आणि बसतात जड. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून बॅरल आणि जॉब. बदलापुरातून नव्या इमारतींना टाइल्स. महिन्यातून काही वेळा मुरबाडवरून माळशेज चढून ओतूर, आळेफाटा. घाटाचं सगळे बोलतात, पण बाकीचा वेळ गाडी विठ्ठलवाडीजवळ, अंबरनाथच्या पुलावर, कटई नाक्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत असते किंवा उभी राहून धडधडत असते. म्हणजे इंजेक्टरचं बहुतेक आयुष्य पाच-दहा घन मिलिमीटर देण्यात जातं. मोठ्या भोकाचं नोझल नेमकं इथेच वाईट वागतं. त्याला थोडं देता येत नाही. उघडलं न उघडलं तोच मिटायचं असतं, आणि त्या अर्ध्या उघडण्यात जाड भोकातून नीट न फुटलेलं डिझेल सांडतं. आयडलला गाडी लंगडते, टोकावर काजळी धरते, काजळीने फवारा वाकडा होतो. सहा महिन्यांनी ज्या घाटासाठी हे केलं त्या घाटातही गाडी पहिल्यापेक्षा कमी ओढते.

म्हणून टेस्ट बेंचवरून कॅलिब्रेशनचा कागद मिळाला की मी वरची ओळ सोडून खालून वाचायला घेतो. बॉशच्या इंजेक्टरची चाचणी साधारण चार पायऱ्यांत होते: व्हीएल म्हणजे पूर्ण भार, ईएम म्हणजे मधला भार, एलएल म्हणजे आयडल, व्हीई म्हणजे तो आधीचा शितोडा, आणि शिवाय गळती आणि रिटर्न. विकणारा व्हीएलवर बोट ठेवून दाखवतो, ‘बघा, कडक मारतोय.’ मारणारच. खरी परीक्षा व्हीईच्या ओळीत असते. चारही इंजेक्टरांचे तिथले आकडे मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर तो संच सुरात आहे. एखादा पूर्ण भाराला उत्तम पण शितोड्याला शून्य देत असेल, तर तो माझ्या लेखी तानेत दणकट आणि षड्जाला बेसूर असा गवई. असा संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तीन नवे आणि एक ‘चांगला आहे अजून’ असा जुना, हाही प्रकार टाळावा. इंजिनाला सरासरी कळत नाही.

आता अस्सल-नकलीचं. उल्हासनगरचं ‘मेड इन यूएसए’ हे स्वतःवरचं विनोदी बिरुद, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, आता साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या बरॅकींत नव्याने उभ्या राहिलेल्या गावाने हरहुन्नरीपणाने जगायला सुरुवात केली, आणि काहीही बनवून देऊ हा बाणा तिथून आला. मला त्याचं कौतुक आहे. जीन्सचं बटण, कपाटाची बिजागरी, मिक्सरचं भांडं, तिथे बनलेलं मी बेलाशक घेईन. पण दोन मायक्रॉनची फट ज्या वस्तूत आहे ती कुठेही बनलेली असो, ती अस्सल की नकली हे ओळखायची सोय हवी. होलोग्राम बघावा, डब्यावरचा क्रमांक आणि अंगावरचा क्रमांक जुळवावा, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड उतरवून घ्यावा. बॉशच्या अनेक इंजेक्टरांवर सात अक्षरांचा आयएमए कोड असतो. कारखान्यात त्या एका इंजेक्टरची मात्रा आदर्शापासून किती ढळली ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, तो सांगितला की ती तेवढं ढळणं सांभाळून घेते. चार इंजेक्टर, चार कोड, चार सिलिंडर, त्याच क्रमाने. हे न करता बसवलेला अस्सल संचही लंगडतो आणि शिव्या मालाला पडतात.

नोझल बदललं आणि ते खराब होण्याचं कारण तसंच राहिलं, तर पैसे वाया. आपल्या पट्ट्यात कारण बहुधा पाणी असतं. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, त्या वेळी सखल भागात उभ्या असलेल्या गाड्यांच्या टाक्यांतही पाणी शिरलं. डिझेलमधलं पाणी सुईला आणि गोळीच्या बैठकीला गंज चढवतं, आणि सोळाशे बारला तेच पाणी धातू खरवडतं. दुसरं कारण भेसळीचं डिझेल. पंपाला आणि इंजेक्टरला वंगण म्हणून डिझेलच असतं, दुसरं काही नाही. रॉकेल मिसळलं की ते वंगण जातं. म्हणून नव्या संचाबरोबर पाणी वेगळं करणारा फिल्टर, त्याचा खालचा नळ दर पंधरवड्याला उघडणारा हात, आणि टाकी एकदा उतरवून धुणं, एवढं माझ्या यादीत इंजेक्टरांच्या आधी लिहिलेलं असतं. तांब्याचे वॉशर नवे. जुना वॉशर घासून परत घातला तर जळता वायू इंजेक्टरच्या अंगाशेजारून वर येतो, काजळीचा दगड बनतो, आणि पुढच्या वेळी इंजेक्टर काढायला हेड उतरवायची पाळी येते.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे फेरफार करायला मोकळीक देत नाही, आणि पीयूसीच्या धूर-चाचणीत जुन्या गाड्यांना ६५, बीएस-४ ला ५० हार्ट्रिज ही मर्यादा आहे. मोठ्या नोझलाचा काळा पिसारा तिथे लपत नाही. बीएस-६ गाडीत तर काजळी अडवणारा डीपीएफ आहे. तो आधी तुंबेल, मग गाडीची ताकदच छाटली जाईल.

तेव्हा दोन लाख किलोमीटर झालेल्या, कॉमन रेलच्या २५२३ सीसी पिकअपसाठी मी काय घेईन? मूळ क्रमांकाची अस्सल नोझलं, त्याच मेकची नवी व्हॉल्व्ह-जोडी, त्यांवर पुन्हा बांधलेला चारांचा पूर्ण संच, प्रत्येकाचा सर्व ओळींचा कागद, कोड टाकून. मोठ्या भोकाला फक्त एका ठिकाणी माझी हरकत नाही: जिथे टर्बो, इंटरकूलर, पंप, ईसीयूचा नकाशा आणि क्लच सगळं बदलून गाडी रस्त्यावरून उतरवून शर्यतीला नेली आहे. ती गाडी बघायला मी हौसेने जाईन. पण तिच्यातून कपाटं पाठवणार नाही.

आणि हे सगळं नीट करूनही माळशेजला तिसऱ्या वळणावर गाडी अडलीच, तर टपावरचं कपाट उतरवून एकदा बघावं.